चूळ

“चूळ भर आन थुक,” मी म्हणालो आणि औषधाच्या बाटलीचं टोपण चौथ्यांदा भरून रेणुकाच्या तोंडात ओतलं.

तिनं गाल फुगवले. मी एका हातानं स्टीलचं तसराळं तिच्या हनुवटीखाली धरलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. बारीक जाळी, जाळीत अडकलेला कापूस आणि पलीकडं हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची पिवळी भिंत. मागं पिचकन आवाज आला.

“झालं?”

“झालं, आप्पा.”

तसराळं उचलून मी मोरीकडं निघालो. वाटेत झुंबरबाईंची खाट लागायची. त्या आपल्या दीड वर्षाच्या गजूला मांडीवर थोपटत बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “भाऊ, लेकरानं पानी मागावं आन् बापानं तसराळं धरावं. काय दिवस आले बगा.”

मी तसराळं घेऊन तसाच पुढं गेलो. बोलणं हा माझा धंदाच नव्हता.

एप्रिल महिना होता. पुण्यातल्या एका दवाखान्याचा तिसरा मजला, लहान मुलांचा हृदयाचा वॉर्ड, चौदा खाटा, चौदा आजारी पोरं, तेरा बायका आणि मी. नियम असा की पोरापाशी आईनंच राहायचं. पण माझी बायको महानंदा आठव्या महिन्यात होती, आई वारलेली, सासू डोळ्यांनी अधू. म्हणून नाइलाजानं पास माझ्या गळ्यात आला. पास एकच. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगून औषध आणायला अर्धा तास खाली जाता यायचं, तेवढीच सुटका. सतरा दिवस मी धड ऊन बघितलं नव्हतं. तेरा बायकांत पाय पसरून बसायची सोय नाही, मोठ्यानं जांभई द्यायची सोय नाही. रात्री जिन्याजवळच्या बाकावर पाठ टेकायची आणि उजाडलं की परत त्याच स्टुलावर. गोठ्यातल्या बैलाला निदान शेपूट तरी हलवता येते.

गावाकडं मी दिवसाला दहा किलोमीटर चालणारा माणूस. जत तालुक्यातल्या आमच्या गावात मी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. टाकीपासून पाइपलाइनीच्या कडेकडेनं जायचं, एकेका गल्लीचा व्हॉल उघडायचा, वीस मिनिटं झाली की बंद करायचा. पाणी चार दिवसांतून एकदा. त्यामुळं वीस मिनिटांची किंमत काय असते ते आमच्याकडच्या बायकांना विचारावं. “शिदूअण्णा, पावनं आल्यात, धा मिनटं वाडवा की,” असं रोज कुणीतरी म्हणायचं. मी कधी वाढवली नाहीत. सासुरवाडी गावातच, पण त्यांच्या गल्लीचा व्हॉलही मी विसाव्या मिनिटाला पिळून बंद करायचो. “देव दील, पर शिदू देनार न्हाई,” असं लोक तोंडावर म्हणायचे. मला राग येत नसे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

रेणुका आठ वर्षांची. आदल्या वर्षी घसा धरला, सांधे सुजले, मग पळताना धाप लागायला लागली, मग चालताना, मग झोपल्या जागी. डॉक्टर पळसुल्यांनी मला कागदावर चित्र काढून सांगितलं. हृदयात एक झडप असते, हिची ती नीट मिटत नाही, रक्त उलट गळतं.

“म्हंजी व्हॉल लीक हाय,” मी म्हणालो.

डॉक्टर हसले. “अगदी बरोबर. तो आपण दुरुस्त करू. पण आधी तिच्या अंगात साठलेलं पाणी निघालं पाहिजे. फुप्फुसं कोरडी झाली पाहिजेत, नाहीतर तिला भूल सोसणार नाही. दिवसाला सातशे मिली. दूध, वरण, औषध, सगळं धरून. थेंब जास्त नाही. जमेल?”

जमेल का म्हणे! मला मनातल्या मनात हसू आलं. योग्य माणसाला गाठलंत, असं मी त्यांना सांगणार होतो.

दूध-वरण वजा करता नुसतं पाणी उरायचं तीनशे मिली. दहा मिलीचं टोपण, म्हणजे दिवसाची तीस टोपणं. खाटेच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला असायचा. त्यात मी एकेक टोपण लिहायचो, वेळेसकट. सलोमी सिस्टर वॉर्डच्या मुख्य होत्या, नगरकडच्या, उंच, आवाजाला धार असलेल्या. बायकांवर चिडल्या की मला पुढं करायच्या. “जरा त्या रेणुकाच्या वडिलांचा तक्ता बघून या. पुरुष माणूस असून बघा!” मग बायका रांगेनं येऊन माझा तक्ता बघून जायच्या आणि मी स्टुलावर ताठ बसायचो.

पण टोपणात तहान मावत नाही. पहिल्या आठवड्यात रेणुकानं रडून बघितलं. मग लाडीगोडी केली. “आप्पा, माज्या गल्लीला पानी कदी सोडनार?” असं म्हणायची आणि स्वतःच हसायची. नंतर हसणंही बंद झालं. ओठ फुटले. मोरीतल्या नळाचा आवाज आला की तिची मान तिकडं वळायची. शेजारच्या बायकांना मी हात जोडून सांगितलं होतं, बाटल्या पदराखाली ठेवा. सगळ्यांनी ठेवल्या. झुंबरबाईसुद्धा ठेवायच्या, पण बोलल्याशिवाय राहायच्या नाहीत. “पानी मागनाराला नाई म्हनू नाई, भाऊ. आमच्याकडं दुश्मन दारात आला तरी आधी तांब्या देत्यात.” बीड जिल्ह्यातल्या होत्या. ऊसतोडीला जाऊन हातांना घट्टे पडलेले, आवाज सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असा.

तेव्हा चुळेची युक्ती माझ्याच डोक्यातून निघाली. आमच्या घरात काहीही खाल्लं की चूळ भरायची, ही माझ्या आईची शिस्त. गोळी घेतली तरी चूळ. मी सिस्टरना विचारलं, “चूळ भराय दिली तर चालंल का? तेवढंच तोंड वलं हुईल.”

“चालेल,” सिस्टर म्हणाल्या. “पण गिळू द्यायचं नाही. तुमच्या डोळ्यांदेखत थुंकायला लावा.”

दिवसातून दहा वेळा चूळ. चुळेचं पाणी वेगळ्या तांब्यातलं, त्याची नोंद तक्त्यात नाही, कारण ते पोटात जायचंच नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं तोंडात पाणी घोळवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे सुख दिसलं ते बघून मला भडभडून आलं. आपण केवढं शोधून काढलं, असं वाटलं.

रोज सकाळी वजन व्हायचं. रविवारपर्यंत ते उतरत सतरा किलो दोनशेवर आलं होतं. येत्या गुरुवारी ऑपरेशन करायचं ठरलं. सोमवारी सकाळी काटा सतरा पाचशेवर थांबला.

सलोमी सिस्टरनी तिला उतरवून पुन्हा चढवलं. काटा तिथंच. त्यांनी पोरीच्या पायावर बोट दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला.

“पाणी कुणी दिलं हिला?”

“माज्या हातनं एक टोपन जादा न्हाई,” मी म्हणालो. “तक्ता बघा.”

“तक्ता मला माहितीये. काल तुम्ही कुठं गेला होतात?”

“औषद आनाय. खाली. अर्धा तास.”

“तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?”

“झुंबरबाई.”

मी एवढंच बोललो. त्यात खोटं काही नव्हतं. पण सगळ्या वॉर्डच्या माना वळल्या.

झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. “म्या? सिस्टर, लेकराची आन घेऊन सांगते, म्या थेंब दिला नाई. तोंडानं बोलते म्या, हातानं नाई करत असलं.”

“रोज बोलत असताच ना, पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये म्हणून?”

“बोलते की! बोलनं वायलं आन्—”

“पुरे,” सिस्टर म्हणाल्या. “तुमची खाट बदला. मोरीजवळची मोकळी आहे. आणि उद्यापासून कुठल्याही पोराच्या खाटेजवळ जायचं नाही.”

झुंबरबाईंनी गजूला खांद्यावर टाकलं, गाठोडं काखेत मारलं आणि गेल्या. मोरीजवळच्या खाटेला फिनेलचा वास यायचा. त्या दिवसापासून कुणी त्यांच्याशी बोलेना. एरवी वॉर्डात कुणाचं पोर रडलं की त्या धावायच्या, कुणाच्या बाळाला तेल लावायच्या, कुणाच्या आईची वेणी घालायच्या. आता त्या कॉटवर बसून भिंतीकडं बघायच्या. चूळ झाल्यावर तसराळं घेऊन मला त्यांच्यावरूनच जावं लागायचं. त्या एकदाच म्हणाल्या, “भाऊ, तुमाला तरी खरं वाटतंय का?”

“मला काय म्हाईत,” मी म्हणालो आणि तसराळं मोरीत पालथं केलं.

मंगळवारी वजन सतरा आठशे. बुधवारी अठरा शंभर. आता तर झुंबरबाई जवळसुद्धा येत नव्हत्या, तरी काटा चढतच होता. लघवी होण्याची औषधं डॉक्टरांनी दुप्पट केली होती. रेणुका दोन उशांना टेकून बसल्या बसल्या धापा टाकत होती.

बुधवारी दुपारी डॉक्टर पळसुल्यांनी मला टेबलाशी बोलावलं. त्यांच्यासमोर माझा तक्ता होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

“तुमच्याइतकं पाणी कुणी सांभाळत नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच मला काळजी वाटतेय. पाणी मोजून जातंय, औषध दुप्पट जातंय, तरी सूज वाढतेय. याचा अर्थ हृदयच हरत चाललंय. झडप दुरुस्त केली तरी असं हृदय टेबलावरून परत येत नाही. उद्याचं ऑपरेशन मी रद्द करतोय.”

“मग कदी?”

त्यांनी चष्मा काढला. “औषधं लिहून देतो. घरी घेऊन जा. आईजवळ राहू दे तिला.”

मी अडाणी असलो तरी एवढं मला कळलं. घरी न्या म्हणजे काय ते कुणालाही कळतं.

सिस्टरनी मला फोन करायला खाली जाऊ दिलं. दारावरच्या रखवालदारानं पहिल्यांदाच माझ्या पासकडं बघितलं नाही. बाहेर रणरणतं ऊन होतं. एकोणीस दिवस मी त्या उन्हासाठी तडफडत होतो. गेट उघडं होतं, समोर रिक्षा उभ्या होत्या, आणि मला एक पाऊल पुढं टाकवेना.

महानंदानं फोन उचलला. मी सांगितलं.

“पानी मोजून देताय न्हवं?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“मग आपलं काय चुकलं न्हाई,” ती म्हणाली. ती माझीच समजूत घालत होती. “तुमच्या हातनं थेंब सांडत न्हाई, सगळ्या गावाला म्हाईत हाय. मग देवाच्याच मनात न्हाई म्हनायचं. आना तिला घरी. म्या तिच्यासाटी माठ भरून ठिवती. प्याली तर पिऊ दे पोटभर.”

मी फोन बंद केला आणि गेटजवळच्या कट्ट्यावर बसलो.

आता इतक्या वर्षांनी लिहितोय तर लपवण्यात अर्थ नाही. मला माहीत होतं. शनिवार दुपारपासून माहीत होतं.

अकरा वर्षं पाण्यात काढलेला माणूस मी. हंडा उचलला की किती भरलाय ते मला सांगावं लागत नाही. चूळ द्यायचो चार टोपणं, आणि मोरीपर्यंत जाताना तसराळं हाताला हलकं लागायचं. पहिले दोन दिवस ते बरोबर होतं. शनिवारी दुपारी हलकं लागलं. संध्याकाळी आणखी हलकं. चार टोपणांतलं एक टोपणसुद्धा परत येत नव्हतं. पिचकन आवाज करण्यापुरती थुंकी ती मागं ठेवायची. टाकीतून किती सुटलं आणि शेवटच्या नळाला किती पोचलं हे ताडून गळती शोधणं, हेच तर माझं काम. मी ती पहिल्या तासात शोधली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. दर वेळी फिरवलं. तिला गिळताना बघितलं असतं तर थांबवावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं होत नव्हतं. साऱ्या गावाला नाही म्हणणारा मी, त्या फुटक्या ओठांना नाही म्हणू शकलो नाही. एक घोट, त्यानं काय होतंय, असं रोज दहा वेळा मनाला सांगितलं. सोमवारी काटा चढला तेव्हा बोलायला हवं होतं. पण सगळ्या वॉर्डसमोर माझा तक्ता खोटा ठरला असता. आणि पास काढून घेतला असता तर तिच्यापाशी राहायला दुसरं होतं कोण? मग झुंबरबाईंचं नाव आलं आणि मी ते येऊ दिलं.

तीन मजले मी धावत चढलो. डॉक्टर पळसुले निघण्याच्या तयारीत होते. सिस्टर घरी जायचे कागद भरत होत्या.

“डॉक्टर, तिचं हृदय हरलं न्हाई,” मी म्हणालो. “ती पानी पितीय.”

“कुठलं पाणी?”

“चुळंचं. थुकत न्हाई, गिळती.”

सिस्टरचं पेन थांबलं. “तुमच्या डोळ्यांदेखत?”

“म्या तोंड फिरवायचो.”

माझा आवाज मुळातच व्हॉलवर उभं राहून हाका मारून मोठा झालेला. वॉर्डात सगळ्यांनी ऐकलं.

डॉक्टर परत खुर्चीत बसले. त्यांना राग आला होता, पण त्यांनी तो मागं ठेवला. “हे बघा, आता नीट आठवून सांगा. दिवसाला किती गेलं असेल? साधारण अंदाज.”

“अंदाज न्हाई,” मी म्हणालो. “शनवारी दुपारपास्नं शंबर. आयतवारी तीनशे तीस. सोमवारी तीनशे पन्नास. काल तीनशे सत्तर. आज आतापतूर दोनशे दहा.”

मग त्यांनी तक्ता ओढला आणि वजनाच्या आकड्यांसमोर माझे आकडे लिहीत गेले. लिहिताना त्यांचे ओठ हलत होते.

“जुळतंय,” ते शेवटी म्हणाले. “जवळजवळ सगळं जुळतंय.” आणि मग अगदी हळू आवाजात, “हे सगळं तुम्ही मोजत होतात?”

मी मान खाली घातली. हात मोजायचे, त्यांना मी काय करणार?

“चार दिवस देतो,” डॉक्टर म्हणाले. “चूळ बंद. सहाशे मिली. रविवारी सकाळी वजन सतराच्या आत आलं तर सोमवारी पहिलं ऑपरेशन तिचं. नाही आलं, तर मग मी म्हणतोय तेच खरं.”

सिस्टर माझ्याशी बोलल्या नाहीत. उठल्या आणि मोरीजवळच्या खाटेशी जाऊन झुंबरबाईंसमोर उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण सलोमी सिस्टरनी हात जोडलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. सिस्टर गेल्यावर मीही गेलो. म्हणालो, “बाई, चुकलं माजं.”

झुंबरबाई गजूच्या अंगावरचं फडकं सारखं करत होत्या. “चुकलं तर हायेच,” त्या म्हणाल्या. “आज खरं बोललात, पर ते लेकरासाटी. डॉक्टर घरी न्या म्हनले नसते तर म्या हितंच बसले असते मोरीपाशी. व्हय का नाई?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मंग झालं,” त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडं केलं.

पुढचे चार दिवस मला आठवायला आवडत नाहीत. गुरुवारी सकाळची गोळी झाल्यावर रेणुकानं सवयीनं तोंड उघडलं. मी तसराळं आणलंच नव्हतं.

“चूळ?” ती म्हणाली.

“चूळ बंद. डॉक्टरनी सांगितलंय.”

“कुनी सांगितलं त्यास्नी?”

“म्या.”

तिला ते खरंच वाटेना. “तुमी? तुमीच तर तिकडं बगायचा.” धापेमुळं ती दोन-दोन शब्द तोडून बोलत होती. “आपलं ठरलं हुतं न्हवं, आप्पा?”

ठरलं तर काहीच नव्हतं. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. पण तिचं बरोबर होतं, ठरलेलंच होतं ते. मी तिचा हात धरायला गेलो, तिनं काढून घेतला. त्यानंतर तिनं माझ्याकडं पाणी मागितलं नाही. टोपण पुढं केलं की प्यायची आणि मान वळवायची. ती रडली असती, ओरडली असती, मला चावली असती तरी चाललं असतं. तिचं ते न मागणं ऐकत मी स्टुलावर बसून राहायचो. उठून जायला जागा नव्हती आणि आता खिडकीकडं बघायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी दुपारी झुंबरबाई आल्या. माझ्याशी नाही, सिस्टरशी बोलल्या, पण माझ्यासमोर उभं राहून आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं. “सिस्टर, सगळ्यांसमोर इचारते, मागून बोल नको. पोरीच्या तोंडात येलदोडा ठिवला तर चालंल का? चघळायला. तोंडाला पानी सुटतं त्यानं.”

“चालेल,” सिस्टर म्हणाल्या.

झुंबरबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली, एक वेलदोडा काढून सोलला आणि दाणे रेणुकाच्या जिभेवर ठेवले. मग तिच्या खाटेवर बसून तिची वेणी घातली. मी स्टूल सोडून उभा राहिलो. त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आल्या, वेलदोडा घेऊन.

रविवारी काटा सोळा आठशेवर थांबला. सिस्टरनी तिला उतरवून पुन्हा चढवलं. सोळा आठशे.

सोमवारी सकाळी सात वाजता रेणुकाला आत नेलं. जाताना तिनं सगळ्या वॉर्डकडं बघून हात हलवला, माझ्याकडं बघितलं नाही. दुपारी दोन वाजता डॉक्टर पळसुले टोपी हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “झडप मिटली. गळत नाही आता.” मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला गेलो, त्यांनी वरच्या वर धरलं.

अतिदक्षता विभागातून तिला चौथ्या दिवशी वॉर्डात आणलं. छातीवर उभी पट्टी, चेहरा लिंबाएवढा, पण ओठांचा निळेपणा गेला होता आणि श्वास असा शांत की मी दोनदा नाकासमोर बोट धरून बघितलं. दुपारची गोळी झाली. सलोमी सिस्टरनी स्वतः पेला आणून माझ्या हातात दिला, अर्धा भरलेला.

“द्या,” त्या म्हणाल्या. “हळूहळू. सगळा दिला तरी चालेल.”

मला टोपणाची सवय. पेला हातात धरून मी थोडा वेळ नुसताच बसलो. मग तिच्या ओठांना लावला. तिनं मोठा घोट घेतला आणि गाल फुगवून तशीच थांबली.

“गिळ की,” मी म्हणालो.

ती गिळेना. तिची नजर माझ्यावर होती, कितीतरी दिवसांनी. मला आधी वाटलं दुखत असेल. मग कळलं. मी खिडकीकडं तोंड फिरवावं म्हणून ती थांबली होती.

माझ्या डोळ्यांना धार लागली, पण मी मान हलवली नाही. पलीकडून झुंबरबाई बघत होत्या, सिस्टर बघत होत्या.

“न्हाई फिरवत,” मी म्हणालो. “माज्याकडं बगून गिळ, बाळा. आता तुजंच हाय ते.”

तिच्या बारीक गळ्यातून घोट खाली उतरताना मला दिसला. मग दुसरा दिसला. पेला संपला तेव्हा तिनं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, “आप्पा, अजून.”

मी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनी मानेनं हो म्हटलं. पण त्याआधीच झुंबरबाई आपला तांब्या घेऊन उठल्या होत्या.